चाचणीत पास झालेली रत्नमाला

रत्नमालेविषयी कोणीतरी नीट लिहायला हवं होतं. मी शेजारचा. ओसरीवरून आणि गावात फिरताना जेवढं दिसलं आणि ऐकू आलं, तेवढंच सांगतो. कुठे चुकलं तर तिचा नवरा जीवन सुधारून घेईल.

ती लग्न होऊन आसगावात आली, तेव्हा धानाच्या रोवणीत तिचा हात धरणारी बाई गावात नव्हती. रोवणी करणाऱ्या बाया एका ओळीत वाकून मागे मागे सरकत जातात. जिचा हात हळू, तिच्या दोन्ही बाजूंना धान लागून जातं आणि ती मधेच कोंडली जाते. मग दिवसभर तिची थट्टा होते. रत्नमाला कधी कोंडली गेली नाही. उलट शेजारणीच्या वाट्याचे रोपांचे चार-दोन चूड ती गुपचूप लावून द्यायची, म्हणजे तीही कोंडू नये.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन काही वर्षं झाली होती. त्या सुमारास चिकुनगुनियाची साथ आली. अर्धं गाव लंगडत होतं. हळूहळू सगळे सुधारले, रत्नमाला सुधारली नाही. तिचा ताप गेला, सांधेही मोकळे झाले, पण अंगातला जीव परत आला नाही. एखाद्या सकाळी ती उठायची, अंगण झाडायची, स्वयंपाक करायची, हसून बोलायची. त्या दिवशी पाहणाऱ्याला वाटे, झाली बरी. दुसऱ्या दिवशी मात्र ती खाटेवर असे. तिसऱ्या दिवशी तिला मान उचलवत नसे, भांड्याचा आवाजही सोसत नसे. पवनीला रक्त तपासलं, भंडाऱ्यालाही तपासलं. कुठेच काही निघालं नाही.

तिची सासू मालनबाई दुष्ट नव्हती. विधवा बाई, साठी उलटलेली, तरी रोवणीला जायची. पण तिच्या जिभेला लगाम नव्हता.

"रगत साजरं हाय, जेवतं साजरी, मंग काम काहून होत नाई व तुह्यानं?"

"मामी, मलेच समजत नाई." सासूला ती मामी म्हणायची.

"मी या वयात बांधीत उतरतो, अना सून खाटेवर! लोकं हासून राह्यले मले."

आजारापेक्षा रत्नमालेला हे बोलणं जास्त लागायचं. आमच्या घरी एकदा म्हणाली होती, "कोनी एकदा सांगून देल्लं पायजे का मी बिमार हाओ. दवाई नसली तं नसली."

पुढच्या पावसाळ्यात नागपूरहून काही डॉक्टर मंडळी आली. साथीनंतर ज्यांचा थकवा जात नाही, अशा लोकांचा अभ्यास करायचा होता. आमच्या गावाचं काम तृप्ती मॅडम नावाच्या तरुण डॉक्टरीणबाईंकडे होतं. त्या शाळेत बसणार होत्या. रत्नमालेने ऐकलं आणि चाचणीच्या दिवसापर्यंत तिने कशाला हात लावला नाही. पडून पडून अंगात ताकद साठवली, कारण शाळेपर्यंत पोचायचं होतं. त्या सकाळी तिने केस धुतले, ठेवणीतलं लुगडं नेसलं. परगावची माणसं, त्यांच्यासमोर गबाळं कसं जायचं?

शाळेच्या व्हरांड्यात दोन खुणा केल्या होत्या. दोघी-दोघींनी ठरलेला वेळ त्यांच्यामधून ये-जा करायची आणि किती अंतर झालं ते मोजायचं. आमच्या बायांना ते रोवणीच्या ओळीसारखं वाटलं. त्या ओरडायला लागल्या.

"रतना, हटू नको व! कोंडशील!"

"पाय उचल, आसगावचं नाक नको कापू!"

रत्नमाला चालली. मागे राहणं तिला ठाऊकच नव्हतं. जोडीदारणीला मागे टाकून ती घामाघूम होऊन थांबली, तेव्हा तृप्ती मॅडम कौतुकाने म्हणाल्या, "वा ताई! तुम्ही तर सगळ्यांच्या पुढे. तुम्हाला काही झालेलं नाही."

मालनबाई तिथेच उभी होती. घरी येईपर्यंत तिने वाटेतल्या प्रत्येकाला सांगितलं, "पास झाली आमची सून. डागदरीननंच सांगतलं."

रत्नमाला दुसऱ्या दिवशी रोवणीला गेली. तिलाही वाटलं असेल, आळसच असेल आपला. दुपारपर्यंत ती ओळीत होती. मग कोंडली गेली. बाया हसल्या. "पास झालेली बाई अटकली व!" ती हातात पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची पेंढी घेऊन नुसतीच उभी राहिली. वाकेना, बोलेना. मग चिखलातच बसली. शेजारी मालनबाई होती. तिने हाक मारली, हलवलं, आणि पहिल्यांदा घाबरली. जीवनने तिला उचलून घरी आणलं.

त्यानंतर दिवाळी होऊन गेली, तरी ती खाटेवरून उठली नव्हती. मालनबाई तिला भरवायची, केस विंचरायची. कोणी भेटायला आलं आणि घटकाभर बोलून गेलं, की दुसऱ्या दिवशी सुनेचं काय होतं, ते तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. लोकांना ती दारातूनच परत पाठवू लागली.

धान कापणीच्या वेळी तृप्ती मॅडम पुन्हा आल्या. रत्नमाला शाळेत दिसली नाही, तेव्हा म्हणाल्या, "आल्या नाहीत तर 'बऱ्या झाल्या' म्हणून नाव काढावं लागेल."

सून का आली नाही, ते सांगायलाच मालनबाई तिथे गेली होती. "काहून काढता? बिमार हाय म्हणून नाई आली. जो चालत येते त्यालेच बिमार म्हनता का तुमी?"

मॅडम बॅग उचलून आमच्या गल्लीत आल्या. मीही मागोमाग गेलो.

रत्नमालेला पाहून त्यांचा चेहरा उतरला. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "ताई, माझ्याकडून चूक झाली. हा आजार एका दिवसाच्या चालण्यात दिसत नाही, हे मी नंतर वाचलं. आज चालवायचं आणि उद्या पुन्हा चालवायचं, तेव्हा फरक दिसतो. तसं मोजलं तर माझे वरिष्ठ मानतील. पण खोटं नाही सांगत, तुम्हाला त्रास होईल. खूप होईल."

"चालतो मी," रत्नमाला म्हणाली. "एकदाचं लिहून तं जाईल, मी बिमार हाओ म्हणून."

जीवन म्हणाला, "रतना, पाह्य बाप्पा. तुही मर्जी." ती कोपरावर भार देऊन उठली आणि पाय खाली सोडले.

मालनबाई तिच्यासमोर येऊन बसली. "कोनाले दाखवतं व?"

"तुमाले, मामी."

मालनबाईने तिचे दोन्ही पाय धरले. "मले कायले? मी पाह्यलं नाई का? बिमार हायेस तू. मीच आंधडी होतो, माय."

मग रत्नमालेने पाय पुन्हा खाटेवर घेतले.

"मंग नाई चालत, म्याडम."

"तुमचं नाव बऱ्या झालेल्यांतच राहील मग," मॅडम म्हणाल्या.

"राहू द्या."

मॅडम गेल्या नाहीत. खाटेजवळ जमिनीवर बसल्या आणि कसं होतं, कधी होतं, काय केल्यावर होतं, ते विचारत राहिल्या. ते पुढे कुठे छापलं गेलं की नाही, मला माहीत नाही. रत्नमाला डोळे मिटून, थांबत थांबत सांगत होती. आवाज बारीक होत चालला, तसं मालनबाईने मॅडमच्या खांद्यावर हात ठेवला.

"पुरे आता, बाई. उद्या भारी जाईल तिले."

मॅडमचा प्रश्न अर्धाच राहिला. त्या उठल्या, आणि आम्ही सगळे पाय न वाजवता बाहेर आलो.