विमानांचा किमोनो

शाळेच्या कार्यक्रमात माझ्या सहा वर्षांच्या मुलाला जपानी नाचात पहिली रांग मिळाली होती. पोर हवेत होतं. पोशाख ज्याचा त्यानं आणायचा होता. मी इथे जेद्दात घरी कपडे शिवते. बाजारातला चकचकीत माल त्याच्या अंगावर घालणं मला शोभलं नसतं.

एक जपानी इंजिनीअर बिऱ्हाड आवरून मायदेशी निघाला होता. त्याच्या बायकोकडे, तिच्या आजोबांच्या काळातला, लहान मुलाचा रेशमी किमोनो होता. त्यावर फुलं नव्हती. विमानं, आगगाडी, उंच इमारती. "तेव्हा हेच नवं होतं," ती म्हणाली. "आईबाप कौतुकानं मुलांना घालायचे." तासभर घासाघीस केली. शेवटी तिच्या मुलीचे तीन फ्रॉक शिवून द्यायच्या बोलीवर तो मिळवला. हातशिलाई अशी, की टाका शोधावा लागे.

तो टीचरला दाखवला, तर ती हसली.

"मॅडम, इसमें तो हवाई जहाज है! हमें ट्रॅडिशनल चाहिए. फ्लॉवर्सवाला."

"टीचर, ये असली है. जपान का है."

"हमने इंटरनेट पे देखा है ना. ये पहनेगा तो पीछे खडा रहेगा."

जपान्यांपेक्षा हिला जपान जास्त कळत होता! मी तोंड उघडणार, तोच मुलानं माझा अबाया ओढला. "मम्मी, प्लीज, फ्लॉवरवाला ले लो ना."

घेतला. करकरणारं पॉलिस्टर, भडक गुलाबी फुलं. माझ्याकडे शिकणाऱ्या पोरीनं अशी शिवण घातली असती, तर मी तिच्याकडूनच ती उसवून घेतली असती.

कार्यक्रमाच्या दिवशी टीचर सुती साडीत मिरवत होती. पदरभर रिक्षा आणि सायकली छापलेल्या. बाकीच्या आया म्हणत होत्या, "वा, कितनी ट्रॅडिशनल!"

नाच सुरू झाला होता, तरी मला राहवलं नाही. "टीचर, आपकी दादी के पल्लू पे रिक्षा थी क्या?"

"मॅडम, ये मोटिफ है."

"अच्छा! रिक्षा मोटिफ, और हवाई जहाज?"

माझा आवाज चढला असावा. पहिल्या रांगेतून मुलानं मला पाहिलं, हातातला घडीचा पंखा उघडायचा सोडून ओठांवर बोट ठेवलं. बाकीच्यांचे पंखे उघडले, त्याचा मिटलेलाच राहिला.

त्या मिटलेल्या पंख्याचा दोष मी आजही त्या टीचरलाच देते.