चोळलेला दंड

एक्स-रे उजेडासमोर धरून डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "मसाज कोण करतं?"

"मी," मी जरा अभिमानानेच सांगितलं.

त्यांनी फिल्म खाली ठेवली. "बंद करा. आत्तापासून."

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. माझी बायको सुमन शिरगावच्या आमच्या वाडीत विहिरीजवळच्या शेवाळावरून घसरली आणि तिचं उजवं कोपर निखळलं. पालघरला ते बसवलं, यथावकाश प्लास्टरही निघालं. पण हात अर्ध्यातच अडायचा, घास तोंडापर्यंत पोचायचा नाही. डाव्या हाताने पंगतीत जेवायची लाज वाटून तिने लग्नांना जाणंच सोडलं.

आमच्याकडे लचकलेल्या पायापासून बाळंतिणीच्या कंबरेपर्यंत एकच इलाज: खोबरेल कोमट करा आणि चोळा. बोईसरच्या कारखान्यातली पाळी संपवून घरी आलो की मी वाटी घेऊन बसायचो. ती कळवळली की मला वाटायचं, आखडलेलं सुटतंय. मी आणखी जोर लावायचो.

आजाराचं नाव मायोसायटिस ऑसिफिकन्स. म्हणजे स्नायूत हाड तयार होणं. डॉक्टरांनी माझाच दंड धरून समजावलं. वर फुगतो तो बायसेप्स. तो कोपर वाकवतो, तळवा वर फिरवतो. मागचा ट्रायसेप्स हात सरळ करतो. पण वाकवण्याचं मुख्य काम बायसेप्सखाली दडलेल्या ब्रेकियालिसचं. तो हाडाला चिकटून असतो. कोपर निखळताना तो फाटतो, आत रक्त साकळतं.

"त्यालाच तुम्ही रगडत राहिलात. जखम भरण्याऐवजी तिथे हाड धरलं."

"मग ऑपरेशन?"

"आत्ता नाही. कच्चं हाड काढलं तर पुन्हा येतं. ते पिकू दे. तोवर त्यांनी स्वतःच, दुखणार नाही इतपत हलवायचं. तुम्ही हात लावायचा नाही."

एसटीत सुमन म्हणाली, "मी बोंबलत होते तवा ऐकलं नाय. आता डॉक्टर बोलला तर तोंड बघा कसं झालंय!" ती हसली. मला हसता आलं नाही.

पुढचे महिने वाईट गेले. तिचा दंड दिसला की माझी बोटं शिवशिवायची. मी उगाच नारळ सोलत बसायचो, धड असलेला नळ खोलायचो. पुन्हा पालघर, पुन्हा बाकड्यावर वाट पाहणं, पुन्हा एक्स-रे. डॉक्टर म्हणायचे, "थांबा." मला थांबणंच जमत नव्हतं.

हाड पिकलं, पुढे थोडं विरलंही. ऑपरेशन टळलं. एका दुपारी जेवताना तिचा उजवा हात घास घेऊन वर निघाला आणि ओठांच्या अलीकडे अडला. मी पुढे सरकलो.

"हात लावाल तर बघा!"

मी मागे झालो. तिने मान खाली आणली आणि घास घेतला.

तुमच्या घरी कुणाचं कोपर निखळलं तर कृपा करून चोळू नका. आणि माणूस "दुखतंय" म्हणालं की थांबा. ते कळ काढत असतं, बरं होत नसतं. एवढं कळायला मला तिचा हात खर्ची घालावा लागला.

तो आजही पुरता सरळ होत नाही. तिने मला माफ केलं का, हे विचारायचा धीर मला झालेला नाही. पण आता ती लग्नांना येते, पंगतीत जराशी वाकून उजव्या हाताने जेवते. शेजारच्या पानावर मी असतो. तिचा घास वाटेत अडला की मी भात कालवत राहतो.