हवा रिकामी ठेवायची नाय

काका बोलायच्या आधी माईकवर नखानं दोनदा टकटक करायचे आणि खिडकीतल्या बारक्या रेडिओकडं कान करायचे. तिथनं टकटक आली की म्हणायचे, "पोचतंय." रोज म्हणजे रोज, हो. चहा गार झाला तरी चालंल.

आमचं रेडिओ स्टेशन म्हणजे गंगापूर रोडनं शहर मागं टाकून लय पुढं गेलं, की मळ्यात एक खोली आणि गच्चीवर एक खांब. आवाज जातो डोंगराच्या अलीकडच्या गावांत, पुढं नाय. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवलेत, आवाज घुमू नये म्हणून. मी तिथं झाडायला लागले तेव्हा मला वाटलं, कोंबड्या कुठायत?

गावातल्या माणसांना धरून काकांनीच ते सुरू केलं. पहिल्या दिवशी सरपंच बोलले, भजन झालं, टाळ्या झाल्या, आणि काकूंचा घरनं फोन, "अहो, सुरू कधी करताय?" आवाज खांबाकडं सोडायचं बटणच दाबलं नव्हतं! येईल त्याला हे सांगायचे आणि सांगता सांगता स्वतःच जास्त हसायचे. टकटक तेव्हापासनं.

दुसरं म्हणजे, "हवा रिकामी ठेवायची नाय." गाणं लागायला जरा उशीर झाला की हे बोलत सुटायचे. एकदा तर चपलेच्या तुटलेल्या अंगठ्यावर बोलत बसले.

मी म्हटलं, "काका, लोक हसतील."

"हसू दे पोरी. हसतंय म्हणजे उसातनं नीट चाललंय."

मला कळंना. मग त्यांनी सांगितलं. आमच्याकडं उसात बिबट्या राहतो, तुम्हाला माहीत असंल. दिवस मावळताना माणसं मळ्यातनं घरी येतात, एकटीदुकटी, तर गळ्यातल्या फोनवर रेडिओ मोठ्यानं लावतात. माणसांचा आवाज आला की तो बाजूला होतो. "आपण गप्प झालो," काका म्हणाले, "की ती बी गप्प झाली."

तेव्हापासनं माझा जीव थाऱ्यावर नाय. कारण माझी आत्या, म्हणजे सासू, माझ्या लेकीला घेऊन रोज त्याच वाटेनं येते.

थंडीचे दिवस होते, ऊसतोड चाललेली. काकांचा घसा लय दिवस बसलेला, गालात ज्येष्ठमध धरून बोलायचे. संध्याकाळी फोन आला, बिबट्या दिसला, आमच्याच मळ्याच्या वाटंला. तेवढ्यात लाईट गेली. बॅटरीवर माईक आणि खांब चालतो, पण गाण्यांचा कॉम्प्युटर बंद. काका माईकवर म्हणाले, "मळ्याच्या वाटेनं येणाऱ्यांनी" आणि आवाजच गेला. तोंड हलतंय, आवाज नाय.

मी फोन काढला, आत्याला लावते म्हटलं. काकांनी माझा हात धरला आणि खिडकीतल्या रेडिओकडं बोट केलं. मग माझ्या डोक्यात आलं. मी फोन केला असता तर आत्याच्या फोनमधला रेडिओ बंद झाला असता, तिथंच, उसात.

त्यांनी माईक माझ्याकडं ढकलला. मी आठवी नापास. पण बोलले.

"आत्या, मी बोलते. आवाज मोठा करा. चिमीला कडेवर घ्या. खाली बसू नका, वाकू नका. चालत ऱ्हावा. सगळ्यांनीच मोठ्यानं बोलत चला." मग पुढं काय बोलायचं? काका हातानं चालू ठेव चालू ठेव करतायत. मी म्हटलं, मेथी निवडायची राहिली. सकाळी तुम्ही मला बोललात, मला राग नाय. भाजीत मीठ जास्तच झालं होतं. काय काय बोलले, रडत होते आणि बोलत होते.

शेवटी स्टेशनचा फोन वाजला. आत्या. "आलो घरी. आन काय गं, मी तुला बोलले ते अख्ख्या गावाला सांगायचं व्हतं व्हय?"

मागनं चिमी खिदळत होती. मी फोन खाली ठेवला. काकांनी माईकवर टकटक केलं, नुसते ओठ हलले, पोचतंय.

मग दवाखाना झाला, गळ्याचं ऑपरेशन झालं. आवाज गेला तो गेलाच. आता ते घोटीला लेकीकडं असतात. तिथं आमचं स्टेशन लागत नाय. म्हणून संध्याकाळी मी तिला फोन लावते, ती काकांच्या कानाशी धरते. मी माईकवर टकटक करते, तिकडनं ते फोनवर नखानं टकटक करतात. मग फोन तसाच चालू रेडिओपाशी ठेवते आणि सुरू करते.

काल मी टकटक केलं. तिकडनं काय आलं नाय. परत केलं.

काकांची लेक म्हणाली, "ताई, श्वास चालू हाय, पण डोळे उघडंनात. डॉक्टरला बोलावलंय."

"फोन कानाशी ऱ्हाऊ द्या," मी म्हटलं.

बाहेर दिवस मावळत होता. आत्या चिमीला घेऊन उसाला लागली असंल. मी माईक जवळ ओढला आणि चपलेच्या अंगठ्यापासनं बोलायला सुरुवात केली.