बापानेच लपवलेली मुलगी

मुलांनो, तुमच्या वर्गातली एक मुलगी सुट्टीत वडिलांबरोबर भारतात गेली आणि परतलीच नाही, असं परवा तुम्ही फोनवर सांगितलंत. तेव्हापासून माझ्या नोकरीतलं एक प्रकरण डोक्यातून जात नाही. म्हणून लिहिते.

तेव्हा पोलीस अधिकारी म्हणून माझी नेमणूक महाड-पोलादपूर भागात होती. परदेशात नोकरी करणारी एक बाई पोलीस ठाण्यात आली. तिचा नवरा चार वर्षांच्या मुलीला पंधरा दिवस आजीकडे नेतो म्हणून घेऊन आला होता. इथून त्यानं कळवलं, मुलगी आता परत येणार नाही. मग फोनच बंद.

मी तिला म्हटलं, "बाई, बाप आपल्याच मुलीला पळवतो का? घरात बसून मिटवा." कायदा शिकलेली मी हे बोलले. शेजाऱ्यानं मूल नेलं असतं तर तासाभरात नाकाबंदी लावली असती.

दोन महिन्यांनी ती उच्च न्यायालयाचा आदेश घेऊन आली: मुलीला हजर करा. नवऱ्याला ठाण्यात बोलावलं. शांत, सुशिक्षित माणूस. मुलगी मुंबईत नातेवाइकांकडे आहे, पत्ता नीट आठवत नाही, एवढंच तो तासभर सांगत राहिला. स्वतःच्या मुलीचा पत्ता आठवत नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीच्या आईला घेऊन आम्ही कापडे गावापुढच्या त्याच्या वाडीत गेलो. त्याची आई दारातच उभी राहिली. "मी एकलीच ऱ्हाते. पोर-बिर कोन नाय."

पल्स पोलिओवाले घरोघर डोस देऊन झाला की दारावर खडूनं खूण करतात आणि तारीख घालतात. या दारावर ती होती, गेल्याच आठवड्याची.

"आजी, डोस कुणाला दिला? तुम्हाला?"

म्हातारी चिडून म्हणाली, "माज्या लेकाचीच पोर हाय ती. बापानं आनली तर चोरी कशी?"

मीही तेच बोलले होते.

मुलगी आतल्या खोलीत होती. आईला पाहून ती धावली नाही. आईला तू नकोस, असं बापानं तिला सांगून ठेवलं होतं.

अशी मुलं परत पाठवण्याच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही. त्यामुळे आईला इथे कोर्टाच्या खेपा घालत वर्ष काढावं लागलं. तुमच्या वर्गातल्या मुलीबद्दल शाळेतल्या बाईंना आजच सांगा. ती त्यांची घरगुती बाब आहे असं कुणी म्हणालं, तर ऐकू नका.

त्या मायलेकी आता एकत्र आहेत. आई कामाला निघाली की मुलगी अजूनही विचारते, किती वाजता येशील.