पालथं कार्ड

टपालमामा पोस्टकार्ड हातात द्यायचे ते पालथं, मजकुराची बाजू खाली. जाफराबादच्या आसपासच्या खेड्यांत त्यांनी सायकलवर टपाल वाटलं, पण कुणाचं उघडं कार्डसुद्धा कधी स्वतःहून वाचलं नाही. एखाद्या म्हातारीला वाचता येत नसेल तर ओट्यावर बसून वाचून दाखवायचे आणि पुढच्या घरी त्यातलं अक्षरही काढायचे नाहीत. "वाचलं की तिथंच सोडायचं," म्हणायचे.

रिटायर झाल्यावर त्यांचा एक डोळा गेला. दुसराही जाणार, आहे तोवर बघून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. मामांना बघायची होती गावं. "जिंदगीभर शिक्केच पाह्यले, बाळू. रत्नागिरी, नाशिक, सोलापूर. गावं कुठं पाह्यली?" मोबाइलवर व्हिडिओ दिसेनात, म्हणून पेन्शनीत बसेल असा टॅब्लेट शोधायचं काम या भाच्याकडे आलं. अट एकच. "त्यानं माझं काही इचारायचं न्हाई."

तिथून माझ्या डोक्याला जो ताप सुरू झाला, तो विचारू नका. नवीन जालन्यातल्या ज्या दुकानात जावं तिथला टॅब्लेट चालू केला की आधी खातं मागणार, मग नंबर, जन्मतारीख, ठावठिकाणा. "सगळेच देऊन राह्यले ना साहेब," दुकानदार म्हणाला, "तुमच्या मामाला काय सोनं लपवायचं हाये?" आमच्या ऑफिसातल्या एकीने सांगितलं, आतली ऑपरेटिंग सिस्टीम काढून दुसरी टाकता येते, फुकट असते, काही विचारत नाही. तर स्वस्त टॅब्लेटवर ती चढेना, आणि ज्याच्यावर चढते तो परवडेना. महिनाभर मी हेच करत होतो.

शेवटी वैतागून त्यातलाच एक स्वस्त टॅब्लेट घेतला, मामांची सगळी माहिती मीच भरली आणि मोकळा झालो. "काही विचारलं नाही," असं त्यांना सांगितलंही.

चार दिवस मामांनी स्क्रीनला नाक लावून नाशिक पाहिलं. पाचव्या दिवशी मी तिथंच होतो. मामांनी टॅब्लेट उघडला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत मामांचं नाव आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा. घरात कुणी त्यांचा वाढदिवस कधी केला नव्हता. "ह्याला कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं. ते रागावले नाहीत. टॅब्लेट खाटेवर पालथा ठेवला. "पत्ता त्यानं इचारावा, ज्याला पत्र धाडायचंय." परत त्यांनी त्याला हात लावला नाही.

मग मी ईर्ष्येला पेटलो. जुना, पण ती सिस्टीम चालेल असा टॅब्लेट मिळवायला, ती चढवायला, बिघडलेली पुन्हा चढवायला तीन महिने गेले. घेऊन जाफराबादला गेलो तोवर मामांना फक्त उजेड कळत होता.

"काय इचारलं ह्यानं?"

"काहीच नाही, मामा." या वेळी ते खरं होतं.

त्यांनी काचेवरून हात फिरवला आणि टॅब्लेट माझ्या मांडीवर ठेवला. "मंग बराबर हाये. तू वाच."

मी रत्नागिरीचं बंदर लावलं आणि ओट्यावर बसून सांगू लागलो. होड्या, जाळी, मासळी निवडणाऱ्या बाया. मध्येच स्वतःचा इतका राग आला की मी व्हिडिओच थांबवला.

"मंग?" मामा म्हणाले. "पुढं काय लिवलंय?"