पहिल्या ओळीतलं नाव

हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

नव्वदीच्या दशकात पुण्याची बरी चाललेली नोकरी सोडून मी बंगळूरला कंपनी काढली. कंपनी कसली — जयनगरात दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर आणि माझा तोरा! कापडाच्या घाऊक दुकानांसाठी आम्ही प्रोग्रॅम बनवायचो. विमल आमच्याकडे टायपिंगला होती. चिकपेटेतल्या, म्हणजे तिथल्या जुन्या कापडबाजारातल्या, मराठी घरातली, वडिलांचं साड्यांचं दुकान. मला अण्णा म्हणायची. "स्वल्प थांबा अण्णा, करते की!" — तिच्या या मराठीची मी टिंगल करायचो, आणि तीही हसायची.

आमचा प्रोग्रॅम दुकानदारांना चालेना. एकाच साडीला बाजारात चार नावं, कॉम्प्युटरला ठाऊक एकच. विमल दुकानाच्या गादीवर खेळून वाढलेली. माझीच पुस्तकं वाचून ती प्रोग्रॅमिंग शिकली, आणि एक दिवस तिनं असा भाग लिहून आणला की साडीला मोरपंखी म्हणा, नाहीतर कानडीत काही म्हणा, नेमकी तीच सापडायची. मी एवढा इंजिनियर — मला का नाही सुचलं हे? काय जळलो मी त्या दिवशी! तोंडानं मात्र शाब्बास म्हणालो.

ज्यानं लिहिलं त्याचं नाव फाइलच्या पहिल्या ओळीत, अशी आमच्या धंद्यातली रीत. तिनंही घातलं होतं. मोठं गिऱ्हाईक बघायला येणार म्हणून मी ते काढलं आणि माझं घातलं. तिच्या लक्षात आलं. "सरी अण्णा," एवढंच म्हणाली. सरी म्हणजे कानडीत 'बरं'.

इथवरच असतं तर — पण नाही, खरं ते पुढेच आहे.

तिनं एका मोठ्या कंपनीत प्रोग्रॅमरच्या जागेसाठी अर्ज केला. मला सांगून, माझाच नंबर देऊन. भर दुपारी त्यांचा फोन आला. साडी शोधायचा तो भाग आपण लिहिला असं तिनं अर्जात म्हटलंय, तो तिनंच लिहिलाय ना, असं त्यांनी विचारलं. विमल समोर उभी होती, माझ्या तोंडाकडे बघत.

"छे हो, ती टायपिंग करते," मी म्हणालो. "मुलगी चांगली आहे." इंग्रजीत म्हणालो, पण तिला इंग्रजी चांगलं कळायचं.

ती जागेवर जाऊन बसली. दिवसाचं काम पुरं केलं. पुढं दोन वर्षं टायपिंगच केलं, मग लग्न होऊन हुबळीला गेली. जाताना माझ्या आईसाठी साडी ठेवून गेली, मोरपंखी. आईनं ती हौसेनं नेसली.

ती सोडून जाईल याची भीती होती का मला? होती. पण त्याहून मत्सर जास्त होता — म्हणायला लाज वाटते, पण तोच होता. कंपनी पुढं नावारूपाला आली. हे सुचलं कसं, असं लोक विचारतात. चिकपेटेत हिंडताना सुचलं, असं मी अजून सांगतो.

हो, तिनंच लिहिलंय — फोनवर एवढंच म्हणायचं होतं. ती समोर उभी होती. मी म्हणालो नाही.