कणगीतली यादी

माझ्याकडे प्रत्येक कामाची यादी असते. परभणीतल्या एका कॉलेजच्या कार्यालयात मी अधीक्षक आहे. यादीशिवाय तिथं काही हलत नाही. आमचे शिपाईमामा म्हणतात, "म्याडम वर गेल्या तरी आधी हजेरीपट मागतील." असल्या बोलण्यावर मी हसते. संविधान दिनाची एक जुनी यादी मात्र मी अजून फाडलेली नाही.

तिच्यात सात कामं होती. पाचवं, परदेशी विद्यार्थ्याचं मनोगत. सातवं, फोटो आणि व्हिडिओसह अहवाल, त्याच दिवशी.

हा विद्यार्थी शेतीशास्त्र शिकायला आला होता. त्याच्या देशाचं नाव लिहीत नाही, कारण घरचे अजून तिथंच आहेत. तिशीचा, कमी बोलणारा, मला आपा, म्हणजे ताई, म्हणायचा. त्याच्या उर्दूचं आणि आमच्या बाजारातल्या दखनीचं लवकर जमलं होतं. मनोगताचं विचारलं तेव्हा तो नको म्हणाला. युद्धानंतर त्याच्या देशानं लिहिलेली घटना आता उरलीच नव्हती. जुने बंदूकवाले परत आले आणि ती गेली.

मला ते पटलं नाही. मी बोरीची, बौद्ध घरातली. माझ्या लग्नात वंदना झाल्यावर उद्देशिका वाचली होती, आणि मांडवातल्या म्हाताऱ्या बायाही उभ्या राहिल्या होत्या. घटनेबद्दल माणसाला अभिमानच असणार, असं मी धरून चालले. तीनदा त्याच्याकडे गेले. शेवटी तो म्हणाला, नाव नको, फोटो नको. दोन्ही मी लिहून घेतलं.

तो सभागृहात साधंच बोलला. त्याचे वडील शाळामास्तर. युद्ध थांबल्यावर राजधानीत परदेशी तज्ज्ञ आले. घटना लिहायची तर लोकांना विचारलं पाहिजे, असं ठरलं, आणि मास्तरांकडे छापील अर्ज आले. सूचना, ती देणाऱ्याचं नाव, बापाचं नाव, गाव. नावाशिवाय अर्ज चालणार नव्हता. मास्तर हिवाळाभर गावोगाव पायी फिरले. कुणी कालव्याच्या पाण्याची पाळी मागितली. एका विधवेनं लिहवून घेतलं की मुलींची शाळा कुणालाच बंद करता येऊ नये. अर्ज राजधानीला गेले. मास्तरांनी नावांसकट सगळ्या सूचनांच्या यादीची स्वतःपुरती नक्कल ठेवली.

मसुदा आला तो आधी परक्या भाषेत लिहून मग त्यांच्या भाषेत आणलेला. मास्तरांनी ओळ न ओळ तपासली. पाळी नाही, शाळेचं ते वाक्य नाही. राजधानीत जाऊन विचारलं तर परदेशी साहेबाच्या दुभाष्यानं सांगितलं, उद्देशिकेत जनतेचा उल्लेख आहे की.

सूत्रसंचालन माझ्याकडे होतं, माइक हातात होता. यादी म्हटल्यावर मला राहवलं नाही. मी विचारलं, "मग ती नक्कल आता कुठं आहे?"

तो पहिल्यांदाच हसला. "घरातच आहे, आपा. गव्हाच्या कणगीत. अब्बा म्हणतात, कधीतरी कुणीतरी वाचेल."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

दुपारी अहवाल केला. नाव गाळलं. त्याचा एकही फोटो घेतला नाही. व्हिडिओ तपासला, तर मागच्या खिडकीच्या उजेडामुळं चेहरा काळाच दिसत होता. मी बरोबरची खूण केली आणि कॉलेजच्या पानावर टाकला. वरून आलेल्या परिपत्रकात व्हिडिओ मागितला होता, आणि आमचा अहवाल सगळ्यांच्या आधी गेला. माणूस आवाजावरूनही ओळखू येतो, हे माझ्या यादीत नव्हतं.

काही आठवड्यांनी तो कार्यालयात आला. खुर्ची दिली तरी बसला नाही. बहिणीचा फोन आला होता. माणसं आली, त्यांनी कणगी जमिनीवर ओतली. वडलांना नेलं, पंधरवड्यानं सोडलं. तेव्हापासून ते कुणाशी बोलत नाहीत. मग ती माणसं यादी घेऊन गावोगाव फिरली. ज्या क्रमानं मास्तर फिरले होते, त्याच क्रमानं. त्या विधवेच्या घराला आता बाहेरून कुलूप आहे.

"वाचली त्यांनी," तो म्हणाला. "पहिल्या नावापासून शेवटच्यापर्यंत. साहेबांनी नव्हती वाचली, मॅडम."

मी व्हिडिओ काढून टाकला, तसं त्याला सांगितलं. तो बरं म्हणाला. पदवी घेऊन जाईपर्यंत त्यानं मला पुन्हा आपा म्हटलं नाही.

यंदाच्या संविधान दिनाला उद्देशिका वाचली, हजेरी घेतली, आणि अहवालात लिहिलं: व्हिडिओ जोडलेला नाही. त्यावर वरून पत्र आलंय, लेखी खुलासा द्यावा. मामांनी ते माझ्यापुढं ठेवलं. "म्याडम, तुमाला बी खुलासा?" म्हणाले.

मुदत शुक्रवारपर्यंत आहे. खुलासा यादीत घेतलाय. अजून एकही ओळ लिहिलेली नाही.